शिकाऱ्याची निवड



आजचा विषय ज्या नगरीत मांडायचा आहे, त्या नगरीतच त्याचे दोन जुने साक्षीदार उभे आहेत. एक आहे फिरोजशहा कोटल्यातील अशोकस्तंभ. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो टोपरा गावाहून यमुनेतून दिल्लीस आणवला. त्यावरील पाचव्या लेखात, राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर अशोकाने कोणकोणत्या प्राण्यांना अभय दिले त्याची यादी आहे. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या माद्यांना आणि सहा महिन्यांच्या आतील पिलांना मारू नये असे तेथे सांगितले आहे. नेमलेल्या तिथींना हत्तींच्या राखीव वनांत आणि कोळ्यांच्या राखीव पाण्यात जीवहत्या करू नये, असाही आदेश आहे. दुसरा स्तंभ त्याच सुलतानाने मेरठहून आणवला आणि उत्तरेकडील टेकडीवर आपल्या ‘कुश्क-इ-शिकार’ नावाच्या मृगयामहालापाशी उभा केला. प्राण्यांना अभय देणाऱ्या राजाचा स्तंभ शिकारगृहाची शोभा वाढवीत राहिला, आणि त्यावर काय लिहिले आहे हे त्या काळी कोणालाही वाचता येत नव्हते. ती लिपी १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने उलगडली.

शिकारीने प्राण्यांची संख्या घटते, हे समजण्यास लिपीतज्ज्ञ लागत नाही. परंतु शिकारीमुळे उरलेले प्राणी बदलतात काय? त्यांचे शिंग, सुळा, आकारमान, वयात येण्याचा काळ या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या होत जातात काय? हा लेख अलीकडेपर्यंत आपल्याला वाचता येत नव्हता. तो वाचण्याचा प्रयत्न आज आपण करणार आहोत. मी प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. मराठी भाषेची अभ्यासक आणि विज्ञानविषयक पुस्तकांची अनुवादक या नात्याने, जे इतरांनी शोधले ते आपल्या भाषेत नीट मांडणे एवढेच माझे काम आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. चार्ल्स डार्विनने १८५९ साली जी कल्पना मांडली तिला आपण ‘नैसर्गिक निवड’ म्हणतो. ‘निवड’ हा शब्द ऐकताच आपल्या मनात चांगले ते उचलून घेण्याची क्रिया येते. शेतकरी बियाण्यासाठी सर्वांत भरदार कणीस राखून ठेवतो, ती अशी निवड. पण आपल्या स्वयंपाकघरात ‘तांदूळ निवडणे’ याचा अर्थ उलटा आहे. तेथे हाताने उचलले जातात ते खडे, आणि सुपात राहतो तो चांगला तांदूळ. निसर्गातील निवड बहुधा या दुसऱ्या प्रकारची असते. वाघ किंवा लांडगा कळपातून जे उचलतो ते बव्हंशी पिलू, म्हातारे किंवा आजारी जनावर असते. धडधाकट प्रौढ जनावरे मागे उरतात आणि पुढची पिढी त्यांची होते. माणसाच्या हाती बंदूक, फासा किंवा जाळे आले की तो सुपातले टपोरे दाणे वेचून नेतो आणि खडे तसेच ठेवतो. सर्वांत मोठे सुळे, सर्वांत डौलदार शिंगे, सर्वांत मोठा मासा त्याला हवा असतो. पेरणी मात्र सुपात उरलेल्याचीच होते.

येथे एक सावधगिरी पाळली पाहिजे. पुष्कळ प्राणी मारले गेले एवढ्यावरून उत्क्रांती घडली असे म्हणता येत नाही. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एकाच जातीच्या प्राण्यांत एखाद्या गुणाबाबत फरक असला पाहिजे. तो गुण आईबापांकडून पिलांकडे जाणारा असला पाहिजे. आणि त्या गुणामुळेच काही प्राणी अधिक मारले जात असले पाहिजेत. यांतील एक जरी पाय निखळला तरी हे तिवई-आसन उभे राहत नाही.

जहांगीर बादशहाचेच उदाहरण पाहा. पालम, जेथे आज विमाने उतरतात, ते मोगलांचे शिकारीचे रान होते. जहांगीरने आपल्या आठवणींत शिकारीचा हिशेब नोंदवून ठेवला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून सुमारे पन्नाशीपर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ प्राणी मारले अथवा पकडले गेले. त्यांपैकी १७,१६७ त्याने स्वतः मारले. त्यांत ३,२०३ चतुष्पाद आणि १३,९६४ पक्षी होते. आकडा छाती दडपून टाकणारा आहे. परंतु पक्ष्यांचा जो मोठा भाग त्यात आहे, त्यांत कोणता पक्षी मरावा आणि कोणता वाचावा हे त्याच्या एखाद्या आनुवंशिक गुणावरून ठरत होते असे म्हणण्यास आधार नाही. हा संहार आहे, निवड नव्हे.

मोगलांचा चित्ता ही याहून निराळी आणि अधिक दुःखद कहाणी आहे. काळविटांच्या शिकारीसाठी रानातले चित्ते जिवंत पकडून माणसाळवले जात. अकबराजवळ एका वेळी हजार चित्ते होते, असे जहांगीर सांगतो. हे जनावर बंदिवासात सहसा विते नाही. जहांगीरच्या काळात एका मादीला पिले झाली, तेव्हा ती अपूर्व घटना म्हणून नोंदवली गेली. याचा अर्थ असा की, पकडलेला प्रत्येक चित्ता जिवंत असूनही वंशाच्या दृष्टीने मेलेलाच होता. १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले, आणि १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्यप्रदेशातील कुनो येथे जे चित्ते सोडले ते नामिबियाहून आणलेले होते. उत्क्रांतीला काम करण्यासाठी काहीतरी शिल्लक असावे लागते. चित्त्याच्या बाबतीत तेही उरले नाही.

आता ज्या प्राण्यात या तिन्ही अटी एकत्र आल्या, त्या हत्तीकडे वळू. आशियाई हत्तींत खरे सुळे केवळ नरांना असतात, आणि तेही सर्व नरांना नसतात. बिनसुळ्याच्या नराला ‘मखना’ म्हणतात. या प्रकाराची ओळख फार जुनी आहे. संस्कृत कोशांत ‘मत्कुण’ या शब्दाचे अर्थ ढेकूण, दाढी-मिशा न येणारा पुरुष आणि सुळे नसलेला हत्ती असे दिले आहेत. बिनसुळ्याच्या नराकडे लोक कोणत्या दृष्टीने पाहत होते, ते या तीन अर्थांच्या शेजारावरूनच कळते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हत्ती पकडण्याचे नियम आहेत. पकडण्यास सर्वांत योग्य हत्ती वीस वर्षांचा मानला आहे. पिलू, आखूड सुळ्यांचा, बिनसुळ्याचा, रोगी, गाभण आणि लेकुरवाळी हत्तीण यांना पकडू नये असे सांगितले आहे. रानात हत्ती मारणाऱ्यास देहदंड सांगितला असून, आपोआप मेलेल्या हत्तीचे सुळे आणून देणाऱ्यास बक्षीस ठरवले आहे. राज्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचे धोरण होते. त्यात दयाही होती. परंतु आजच्या दृष्टीने तीच यादी पुन्हा वाचली म्हणजे तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ऐन तारुण्यात येणारा, उत्तम सुळ्यांचा नर रानातून काढायचा आणि मखना रानातच ठेवायचा. लढाईचे आणि दरबाराचे हत्ती अशा रीतीने शतकानुशतके पकडले गेले. पकडलेल्या हत्तीपासून रानातल्या हत्तिणींना होणारी संतती बहुतांशी थांबली.

त्याचा परिणाम काय झाला, हे नेमके मोजण्यास जुन्या काळचे हत्ती आज उभे करता येत नाहीत. आजचे प्रमाण मात्र विचार करायला लावणारे आहे. दक्षिण भारतात दहा नरांपैकी सुमारे नऊ सुळेवाले असतात; ईशान्य भारतात साधारण निम्मे; आणि श्रीलंकेत शंभरांत दहासुद्धा नाहीत. श्रीलंकेतून हत्तींचा व्यापार प्राचीन काळापासून चालत आला, आणि सुळेवाल्या नरांची सततची पकड व शिकार हे या स्थितीचे एक कारण मानले जाते. बेटावर मुळात जे थोडे हत्ती राहिले त्यांतच हा गुण अधिक असावा, असाही एक पक्ष आहे. दोन्ही कारणे एकत्र असू शकतील.

अलीकडच्या काळात निवडीचे हे काम चोरट्या बंदुकीने केले. केरळातील पेरियार अभयारण्यात १९७० च्या सुमारास साधारण सहा प्रौढ माद्यांमागे एक नर होता. पुढच्या दोन दशकांत हे प्रमाण शंभराहून अधिक माद्यांमागे एक नर इतके विपरीत झाले. मारेकऱ्यांना मादीशी कर्तव्य नव्हते आणि मखन्याशीही नव्हते. कळपात पिलांचे प्रमाण घटले, आणि जी जन्मली त्यांचे बाप निवडण्यास हत्तिणींना फारसा वाव उरला नाही. दिल्ली या व्यवहारापासून दूर नव्हती. हस्तिदंताच्या कोरीव कामासाठी प्रसिद्ध असलेल्या देशातील शहरांत दिल्लीचे नाव होते. १९७७ साली हत्तीला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. दिवाणखान्यातील कोरीव पालखी आणि पेरियारच्या रानातील बाप नसलेला कळप यांच्यामध्ये जी साखळी होती, ती कायद्याने तोडण्यास इतकी वर्षे लागली.

शिकारीने आनुवंशिक बदल घडतो याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आफ्रिकेतील मोझांबिक देशाच्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानातून मिळाला. तेथे १९७७ पासून १९९२ पर्यंत यादवी युद्ध चालले. दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी मांसासाठी आणि हस्तिदंत विकून पैसा उभारण्यासाठी हत्ती मारले, आणि शंभरांतील नव्वदांहून अधिक हत्ती नाहीसे झाले. आफ्रिकेत माद्यांनाही सुळे असतात. युद्धापूर्वी बिनसुळ्याच्या माद्या शंभरांत सुमारे साडेअठरा होत्या. युद्धानंतर त्या जवळजवळ एक्कावन्न झाल्या. गोळी सुळ्यांमागे जात होती, म्हणून ज्यांना सुळे नव्हते त्या वाचल्या. पुढे युद्धानंतर जन्मलेल्या माद्यांतही तिघींपैकी एक बिनसुळ्याची निघाली. शेन कॅम्पबेल-स्टॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या गुणाचा माग ‘एक्स’ गुणसूत्रापर्यंत लावला.

या शोधातील खरी शोकांतिका पुढेच आहे. ज्या जनुकामुळे मादी बिनसुळ्याची होते, तेच जनुक नर गर्भाला घातक ठरते. बिनसुळ्याच्या हत्तिणीच्या मुलग्यांपैकी, ज्यांच्या वाट्याला ते जनुक येते, ते जन्मतच नाहीत. म्हणून अशा मातांच्या अपत्यांत सुमारे दोन तृतीयांश मुली आढळल्या. बंदुकीपासून वाचण्याची किंमत त्या आईला आपल्या निम्म्या मुलग्यांनी मोजावी लागली. शिवाय सुळा म्हणजे हत्तीचे हत्यारच असते. कोरड्या नदीपात्रात पाणी उकरणे, झाडाची साल सोलणे, क्षारयुक्त माती खणणे ही कामे तो सुळ्यांनी करतो, आणि त्याने केलेल्या खड्ड्यांवर व पाडलेल्या झाडांवर इतर कितीतरी जीव अवलंबून असतात. हत्तीचा एक अवयव गेला की रानाच्या घडीतही फरक पडतो.

प्रत्येक बिनसुळ्याचा कळप मात्र निवडीचाच परिणाम असतो असे नाही. दक्षिण आफ्रिकेतील अॅडो येथे १९३१ साली उद्यान स्थापन झाले तेव्हा अवघे अकरा हत्ती उरले होते. पुढे तेथील जवळजवळ सर्व माद्या बिनसुळ्याच्या झाल्या. इतक्या थोड्या जीवांवर वंश येऊन ठेपला की कोणता गुण टिकेल हे बरेचसे योगायोगावर ठरते. शास्त्रज्ञ याला निवडीपासून वेगळे मोजतात, आणि आपणही मोजले पाहिजे. अर्थात हत्ती अकरावर आले ते शिकारीनेच.

आता हौशी शिकारीचे एक उदाहरण. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात राम माउंटन नावाच्या पर्वतावर ‘बिगहॉर्न’ या रानमेंढ्यांचा अनेक दशके अभ्यास झाला. तेथील नियम असा होता की, शिंगाचा वळसा ठरावीक मापाचा झाल्याशिवाय मेंढा मारायचा नाही. नियम न्याय्य वाटतो. पण ज्या मेंढ्याची शिंगे लवकर आणि भराभर वाढत, तो माद्यांवर वर्चस्व मिळवण्याच्या वयाला पोचण्यापूर्वीच मापात बसे आणि मारला जाई. आखूड शिंगांचा मेंढा सुखरूप राही आणि कळपाचा पिता होई. सुमारे तीस वर्षांत शिंगांचे आकारमान घटले, आणि या घटीचा काही भाग आनुवंशिक असल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. १९९६ नंतर नियम कडक झाल्यावर घसरण थांबली. परंतु शिंगे पूर्ववत झाली नाहीत. शिकारीचा दबाव उठला म्हणून गेलेला गुण परत येतोच असे नाही. मोठी शिंगे असण्याचा फायदा निसर्गात हळूहळू जमतो. बंदुकीचा तोटा मात्र एका मोसमात पदरी पडतो.

ही गोष्ट राजे-महाराजे आणि चोरटे शिकारी यांच्यापुरतीच असती, तर आपण निश्चिंतपणे घरी गेलो असतो. परंतु आज वन्य प्राण्यांची सर्वांत मोठी शिकार समुद्रात चालते, आणि ती आपल्या ताटासाठी चालते. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील कॉड माशाची मासेमारी १९९२ साली बंद करावी लागली. साठा कोसळण्यापूर्वीच्या वर्षांत तो मासा अधिकाधिक लहान वयात आणि लहान आकारात अंडी घालू लागला होता. कारण उघड आहे. मोठे होईपर्यंत थांबणारा मासा अंडी घालण्याआधीच जाळ्यात जाई. घाई करणाऱ्याचाच वंश उरे. अमेरिकेतील डेव्हिड कॉनोव्हर आणि स्टीफन मंच यांनी २००२ साली हेच टाक्यांतील लहान माशांवर प्रयोगाने दाखवले. काही टाक्यांतून प्रत्येक पिढीत मोठे मासे काढले, काहींतून लहान. चार पिढ्यांनंतर पहिल्या टाक्यांतील माशांचे सरासरी वजन दुसऱ्या टाक्यांतील माशांच्या जवळपास निम्मे भरले.

आपल्या कोकणातही कोळणीच्या पाटीतले पापलेट पूर्वीसारखे राहिले नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. यातील बराच भाग साध्या हिशेबाचा आहे: मासा वाढण्यापूर्वीच पकडला तर तो लहानच असणार. त्याला उत्क्रांती म्हणता येत नाही, आणि योग्य उपायाने तो दोष दूर होऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले आणि ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिले, ते याच दिशेने टाकलेले आवश्यक पाऊल आहे. पिलांना वाढू दिलेच पाहिजे. पण राम माउंटनचा धडा येथे विसरून चालणार नाही. केवळ ‘लहान सोडा, मोठे धरा’ हाच नियम दीर्घकाळ चालवला, तर मोठे होणे हाच अपराध ठरतो, आणि काही पिढ्यांनी मासे त्या नियमाप्रमाणे घडत जातात.

ख्रिस डॅरिमाँट आणि सहकाऱ्यांनी २००९ साली अनेक जातींवरील नोंदी एकत्र करून तुलना केली. माणूस ज्यांची शिकार करतो त्या जीवांतील बदलांचा वेग नैसर्गिक स्थितीतील बदलांच्या वेगाहून ३०० टक्क्यांनी अधिक आढळला. आकारमानात सुमारे एक पंचमांश घट आणि प्रजननाच्या वयासारख्या गुणांत सुमारे एक चतुर्थांश फरक, असे त्याचे स्थूल स्वरूप होते. हे सर्व बदल आनुवंशिकच आहेत असा त्यांचा दावा नव्हता. माणसांच्या भीतीने दिवसा लपणारा व रात्री हिंडणारा प्राणी एका आयुष्यात सवय बदलू शकतो. आणि आई जे शिकवते ते पिलू शिकते. शिकवण, वयाची रचना, योगायोग आणि आनुवंशिकता हे चार धागे वेगळे करण्यास वेळ लागतो. परंतु चारही धाग्यांचे दुसरे टोक माणसाच्याच हाती आहे.

मग करावे काय? आपल्या परंपरेने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. त्यांतील पहिली आपण चांगली लक्षात ठेवली: माता आणि पिलू यांना मारू नये. करुणेच्या दृष्टीने ती योग्यच आहे. परंतु तिच्या आड सशक्त प्रौढ प्राणी निर्धास्तपणे लक्ष्य झाला. दुसरी गोष्ट आपण अर्धवट लक्षात ठेवली. अशोकाने नागवनाचा आणि कोळ्यांच्या राखीव पाण्याचा उल्लेख केला. कौटिल्याने ‘अभयवन’ सांगितले. अशा ठिकाणी कोणाला मारावे आणि कोणाला सोडावे असा विचारच नसतो, कारण तेथे कोणालाच मारायचे नसते. लहान, मोठा, सुळेवाला, मखना, लवकर वाढणारा आणि सावकाश वाढणारा असे सर्व तेथे जगतात आणि त्यांच्यातून निवड करण्याचे काम निसर्गावर सोडलेले असते. आजचे ‘अभयारण्य’ आणि समुद्रातील कायम राखीव क्षेत्र यांचे महत्त्व केवळ संख्या वाढवण्यात नाही. आपल्या आवडीनिवडीची सावली न पडलेले बियाणे जपून ठेवण्यात आहे. आषाढ-श्रावणात होड्या किनाऱ्याला ओढून नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्याची कोळ्यांची रीत शहाणपणाची आहेच. परंतु बंदीचा काळ संपल्यावर जाळे पुन्हा मोठ्याच माशांवर पडते. काळाच्या राखणीला जागेच्या राखणीची जोड हवी.

वन्य प्राण्यांची गणना प्रसिद्ध होते तेव्हा आपण एकच आकडा वाचतो आणि तो वाढला की समाधान मानतो. यापुढे त्या आकड्याच्या शेजारी आणखी काही प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. नर किती आणि माद्या किती? वृद्ध, प्रौढ आणि पिले कोणत्या प्रमाणात आहेत? सुळेवाल्यांपैकी किती वडील झाले? राखीव पाण्यात मासा पूर्ण वाढेपर्यंत टिकतो काय? हे प्रश्न वाचकांनी विचारले तरच गणना करणारे त्यांची उत्तरे छापतील, आणि उत्तरे छापली गेली तर नियम करणाऱ्यांना त्यांची दखल घ्यावी लागेल. प्राण्यांची निवड आपण नकळत करीत आलो. निदान आता ती आपल्या देखत चालली आहे, एवढे ध्यानात ठेवून नियम करावेत, अशी माझी विनंती आहे.